पाहुण्याचं वजन, यजमानाची खुर्ची

ग्रीसच्या सरकारने २०१८ साली एक नियम केला. गाढवा-खेचरांच्या पाठीवर शंभर किलोपेक्षा किंवा त्या जनावराच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. सँटोरिनी बेटावर जुन्या बंदरापासून वर ‘फिरा’ नावाच्या गावापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. पर्यटकांना पाठीवर घेऊन ही जनावरं भर उन्हात त्या पायऱ्या चढतात-उतरतात. त्यांच्या पाठीवरच्या जखमांचे फोटो जगभर गेले, प्राणिमित्रांनी बोंब ठोकली आणि नियम झाला. बातम्यांचा सूर मात्र निराळाच होता. जाड पर्यटकांना गाढवावर बसायला बंदी, असे मथळे देशोदेशी झळकले आणि त्याखाली लोक पोट धरून हसले. मला त्या मथळ्यांचा राग आला. नियमाचा अजिबात आला नाही.

कारण नियम चांगला होता. त्यात एक आकडा होता आणि त्या आकड्याला कारण होतं. तो आधीच जाहीर झालेला होता. शिवाय ज्याला तो लागू होतो त्याच्यासाठी शेजारीच रोपवे होता. शंभर किलोंच्या वरच्या माणसाला वर गावात यायला कुणी मना केलं नव्हतं. त्याने पाळण्यात बसावं आणि वर जावं, इतकंच. परक्या देशात गेलेल्या जाड माणसाला याहून जास्त काहीच नको असतं. पण असा सरळ नियम प्रवासात क्वचितच वाट्याला येतो. बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, पण लिहिलेली नसते. ती कळते ती जागेवर पोचल्यावर, पैसे भरून झाल्यावर, चारचौघांसमोर.

हा मूठभर माणसांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली जगात दर आठ माणसांमागे एक जण लठ्ठ या वर्गात मोडत होता. नुसत्या प्रौढांचा हिशेब केला तर ४३ टक्के लोकांचं वजन ठरवलेल्या प्रमाणाच्या वर होतं. यातले असंख्य लोक पासपोर्ट काढतात, नोकरीसाठी, शिक्षणासाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा केवळ हौसेखातर परदेशी जातात. जग त्यांना अपवाद समजून चालतं.

परदेशी निघालेल्या जाड माणसाला सल्ले ढिगाने मिळतात आणि त्यातले बहुतेक लोकांच्या तोंडाविषयी असतात. पूर्व आशियात माणसं तोंडावर बोलतात, मनाला लावून घ्यायचं नाही. थायलंडमध्ये गुटगुटीत पोराला ‘जाड्या’ असंच टोपणनाव पडतं आणि ते जन्मभर टिकतं. अर्जेंटिनात नवरा-बायको लाडाने एकमेकांना तशीच हाक मारतात, मग दोघंही काटकुळी का असेनात. उत्तर युरोपात कुणी चकार शब्द काढणार नाही, निर्धास्त राहा. ही माहिती खोटी नाही. पण ती ऐकून माणूस चुकीच्या गोष्टीची तयारी करून निघतो. बोलणं ही त्या-त्या समाजाची रीत असते आणि पाहुण्याने रीत समजून घ्यावी, हे मला पूर्ण मान्य आहे. खुर्ची ही रीत नसते. ती कुणीतरी विकत आणलेली वस्तू असते, तिची रुंदी कुणीतरी ठरवलेली असते आणि ती बदलता येते. ‘तिकडची संस्कृतीच तशी’ हे उत्तर बोलण्याला लागू पडतं. खुर्चीला ते लावलं जातं तेव्हा मी ते मान्य करत नाही.

व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात अरुंद कालव्यांतून होड्या जातात. बसायला आडव्या फळ्या आणि एका टोकाला उभी राहून वल्हवणारी बाई. आम्ही चौघं अनोळखी प्रवासी धक्क्यावर उभे होतो. त्या बाईने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, माझ्याकडे बोट केलं, दोन्ही हात पसरून रुंदी दाखवली आणि मधल्या फळीवर थाप मारली. मग काही तरी म्हणाली. वाटाड्याचा चेहरा पडला. तो चाचरत म्हणाला, “ती म्हणते, तुम्ही जड आहात, मध्ये बसा, म्हणजे होडी सरळ जाईल.” तिने एका सडपातळ मुलाला पुढे बसवलं, दुसऱ्याला मागे, तळाशी पडलेलं पोतं पायाने इकडून तिकडे सरकवलं आणि मला चढायला हात दिला. हात देताना तिने पाय घट्ट रोवले होते, कारण माझं वजन किती याचा तिला नेमका अंदाज होता. होडी जराही कलली नाही. त्या तासाभरात मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. अवघडला होता तो वाटाड्या.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवते. उत्तर युरोपातल्या एका शहरात, नीटनेटक्या उपाहारगृहात, टेबल आधी राखून ठेवलेलं. सगळ्या खुर्च्यांना लोखंडी हात, आणि त्या हातांमधलं अंतर मला बसण्याजोगं नाही हे मला लांबूनच दिसलं. वाढप्यालाही दिसलं. त्याची नजर खुर्चीवरून माझ्याकडे, माझ्याकडून खिडकीकडे गेली. कुणी काही बोललं नाही. मी बिनहातांची खुर्ची आहे का विचारलं, तर सगळ्या अशाच आहेत असं अत्यंत सभ्य शब्दांत उत्तर आलं. भिंतीला लागून लांब बाक होता. तो दुसऱ्या कुणासाठी राखीव होता. अदलाबदल करावी हे त्याच्या मनात आलं नाही आणि मला मागायला सुचलं नाही. मी बाहेर पडले. अपमानकारक म्हणता येईल असा एक शब्दही तिथे उच्चारला गेला नव्हता.

म्हणून मी बोलण्यावरून समाज जोखत नाही. बोलून झाल्यावर माणूस काय करतो ते पाहते. तोंडावर ‘जड आहात’ म्हणणारी बाई मला जागा करून देते आणि शिष्टाचार पाळणारा वाढपी देत नाही, तर जास्त सभ्य कोण हे सांगायला मला वेळ लागत नाही. अर्थात स्पष्टपणाच्या नावाखाली सगळंच चालवून घ्यावं असं नाही. परवानगी न घेता फोटो काढणं, हसत पोटाला हात लावणं, रस्त्यात अडवून खाण्याचा हिशेब विचारणं, हे कुठल्याही देशात उद्धटपणाच असतं. तिथली माणसंही आपसात ते खपवून घेत नाहीत. परक्या माणसाच्या बाबतीत मात्र त्यांना मोकळीक वाटते, कारण तो भांडणार नाही याची खात्री असते.

काही जण वेगळा दिलासा देतात. जिथे जाडपणाला मान आहे अशा देशांत जा, तिथे तुझं कौतुक होईल. या दिलाशात मला अर्थ वाटत नाही. मॉरिटानियात ‘लेब्लू’ नावाची प्रथा आहे. कोवळ्या मुलींना दूध आणि कुसकुस जबरदस्तीने भरवून पुष्ट केलं जातं, कारण बाईचं भरलेलं अंग म्हणजे घरची सुबत्ता, अशी समजूत. मुलीने नकार दिला तर मारझोडही होते. नायजेरियात कालाबारच्या एफिक लोकांत लग्नाआधी मुलीला वेगळ्या खोलीत ठेवून वजन वाढवायची रीत होती. तिथे जाड पाहुणीला कुणी वाहवा म्हणेलही. पण ती वाहवा जिथून येते ते घर मुलीचं शरीर मुलीचं मानत नाही. बारीक हो म्हणून उपाशी ठेवणं आणि जाड हो म्हणून कोंबणं यांत मला फरक दिसतो तो फक्त दिशेचा. माझ्या शरीराची स्तुती व्हावी म्हणून मी प्रवास करत नाही. त्याची चर्चा न होता मला देवळं, समुद्र, बाजार पाहता यावेत, एवढंच हवं असतं.

शिवाय ज्याला आपण ‘तिकडची संस्कृती’ म्हणून दगडावरची रेघ समजतो ती पाहता पाहता बदलते. प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाचे राजे चौथे तौफाआहाउ तुपौ दोनशे किलोंच्या वर होते. जगातले सर्वांत वजनदार राजे म्हणून १९७६ साली त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच राजांनी १९९० च्या दशकात स्वतःचं वजन बरंच उतरवलं आणि प्रजेलाही व्यायामाला लावायचा प्रयत्न केला. फिजीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे भरलेलं अंग हे घरच्यांनी नीट सांभाळल्याचं लक्षण मानलं जाई आणि कुणी रोडावलं तर काळजी वाटे. १९९५ साली नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची त्याच वर्षी एकदा आणि १९९८ साली पुन्हा पाहणी केली. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत त्यांचं प्रमाण ११.३ टक्के होतं. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत तीन वर्षांत हलली.

पुढे २०११ साली मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा ब्रुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दहा ठिकाणी लोकांना जाडपणाविषयी काय वाटतं ते विचारलं. इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत देशांत तिटकारा जास्त असेल असा सगळ्यांचा कयास. प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेतला पॅराग्वे आणि प्रशांत महासागरातली अमेरिकन सामोआ बेटं इथेही तो तीव्र निघाला. जिथे एकेकाळी मोठ्या अंगाला मान होता त्या बेटांवरही. तेव्हा अमुक देशातले लोक जाड माणसाशी असंच वागतात, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचं मी मनावर घेत नाही. जपानविषयी तर हमखास ऐकू येतं की तिथे जाड असणं बेकायदा आहे. तसं काहीही नाही. २००८ पासून तिथे ४० ते ७४ वर्षांच्या विमाधारकांच्या आरोग्य तपासणीत कंबर मोजतात. पुरुषांना ८५ आणि बायकांना ९० सेंटिमीटर ही सीमारेषा आहे, आणि तिच्या वर गेलेल्याला सल्ला-मार्गदर्शन मिळतं. उद्दिष्टं गाठली नाहीत तर आर्थिक झळ विमा चालवणाऱ्या संस्थेला बसते. त्या धोरणाविषयी वाद घालण्यासारखं पुष्कळ आहे, पण पाहुण्याच्या कमरेशी त्याचा संबंध नाही. पाहुण्याची खरी अडचण तिथे सामान हरवल्यावर होते, कारण दुकानातला सगळ्यांत मोठा शर्टही खांद्यावर अडकतो.

आता खुर्चीकडे येते, कारण लांबचा प्रवास बहुधा विमानाच्या सीटवरच सुरू होतो.

अमेरिकेतल्या एका अपिली न्यायालयासमोर २०१७ साली सीटच्या आकाराचा खटला आला होता. प्रवाशांच्या संघटनेने दिलेली आकडेवारी निकालपत्रात नोंदलेली आहे. दोन रांगांमधलं अंतर सरासरी ३५ इंचांवरून ३१ वर आलं, काही विमानांत २८ वर. सीटची सरासरी रुंदी या शतकाच्या सुरुवातीला साडेअठरा इंच होती, पुढच्या दशकभरात ती १७ वर आली. याच काळात माणसं रुंद होत होती. प्रवाशाच्या खाण्यापिण्यावर सगळे बोलतात, पण सीट अरुंद करण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीविषयी कुणी बोलत नाही. अमेरिकन संसदेने २०१८ साली कायदा करून विमान नियामकाला सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं. मुदत एक वर्षाची दिली होती, ती केव्हाच उलटली. मधल्या काळात नियामकाने ओक्लाहोमा सिटीत चाचण्या घेतल्या. आग लागली तर इतक्या अरुंद रांगांतून माणसं वेळेत बाहेर पडतात का, हे पाहायचं होतं. त्या चाचण्यांत १८ ते ६० वयाची धडधाकट माणसंच होती. मुलं नव्हती, म्हातारी माणसं नव्हती. विमानात खरोखर कोण बसतं हे माहीत असलेल्या कुणालाही ही पाहणी अपुरी वाटेल.

वजनाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लट विमानतळावरून उडालेलं एक छोटं विमान लगेच कोसळलं आणि आतले सगळे २१ जण गेले. देखभालीतली चूक हे त्याचं एक कारण होतं. दुसरं असं की प्रवाशांचं सरासरी वजन जुन्या आकड्यावरून धरलं होतं आणि विमान प्रत्यक्षात जास्त जड, मागच्या बाजूला कललेलं होतं. छोट्या विमानात, हेलिकॉप्टरमध्ये, दोरावरून घसरत जाण्याच्या खेळात वजन विचारलंच पाहिजे. मला ते विचारलेलं आवडतं, कारण त्यावर माझाही जीव अवलंबून असतो. कसं विचारता, हा प्रश्न आहे. न्यूझीलंडच्या विमान कंपनीने २०२३ साली ऑकलंडहून परदेशी निघालेल्या प्रवाशांची वजनं घेतली. भाग घेणं ऐच्छिक होतं, नाव नोंदवलं जात नव्हतं आणि काट्यावरचा आकडा कुणालाच दिसत नव्हता, स्वतः प्रवाशालाही नाही. त्याआधी २०१६ साली होनोलुलूहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जाणाऱ्या विमानांत प्रवाशांची आधी सीट निवडण्याची मुभा काढून घेतली गेली, कारण पाहणीत त्या मार्गावरचे प्रवासी अपेक्षेपेक्षा जड निघाले होते. त्यांना विमानतळावर पोचल्यावरच जागा मिळू लागली. सामोआच्या लोकांनी तक्रारी केल्या, त्या फेटाळल्या गेल्या. वजनाची विभागणी करण्यात चूक नव्हतीच. पण बाकी मार्गांना एक वागणूक आणि ज्या मार्गावर एकाच समाजाची माणसं बहुसंख्येने जातात त्याला दुसरी, हे त्या लोकांना झोंबलं आणि मला त्यांचं झोंबणं रास्त वाटतं.

सामोआ एअर नावाच्या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. तिकीट किलोवर. जितकं तुमचं आणि सामानाचं वजन तितके पैसे. जगभर अनेकांना हे अगदी न्याय्य वाटलं. इंधन वजनावर जळतं, मग दर वजनावर का नको? दिसायला हा मुद्दा बिनतोड आहे. पण सव्वासहा फुटी, शंभर किलोंचा खेळाडू आणि पन्नास किलोंची बाई आजवर एकाच दराने उडत आली आहेत, आणि त्या खेळाडूने बाईचं इंधन खाल्लं असं कुणालाही वाटलं नाही. इंधनाचा हिशेब सरासरीवरच चालतो. सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट माणसाला इथून तिथे पोचवण्याचं असतं. एरवी खपणारी सरासरी जाड माणूस समोर आला की अन्याय वाटू लागते, तेव्हा बोलणारं इंधन नसतं.

शेजारच्या प्रवाशाची तक्रार मात्र मी गंभीरपणे घेते. सात-आठ तास कुणाचा दंड आपल्या बरगडीत रुतत असेल तर त्रास होणारच, आणि जाड माणसाला त्याची जाणीव इतकी तीव्र असते की तो अख्खा प्रवास हात छातीशी बांधून, खांदे आवळून, पाणी न पिता काढतो, म्हणजे उठावं लागू नये. दोघंही एकाच अरुंद जागेचे भाडेकरू आहेत. चिडायचं तर दोघांनी मिळून ती जागा आखणाऱ्यावर चिडावं.

कॅनडाने हे ओळखलं. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला की एका माणसाला एकच भाडं. अपंगत्वामुळे सोबती लागत असेल, किंवा लठ्ठपणामुळे एका सीटवर बसणं अशक्य असेल, तर दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायला नकार दिला आणि निर्णय लागू झाला. फक्त देशांतर्गत विमानांना. हे ‘फक्त’ फार महत्त्वाचं आहे. तोच प्रवासी त्याच कंपनीच्या विमानाने सीमेपार निघाला की त्याचा हक्क मागे राहतो. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनी अनेक वर्षं जाड प्रवाशाला दुसऱ्या सीटचे पैसे प्रवासानंतर परत देत असे. २७ जानेवारी २०२६ पासून तिने अट घातली की विमानात किमान एक सीट रिकामी राहिली तरच पैसे परत मिळतील. म्हणजे तिकीट काढताना दुसऱ्या सीटचा खर्च आपल्याला पडणार की नाही हे प्रवाशाला कळणारच नाही. कंपनीच्या मर्जीवर चाललेली सवलत अशी एका सकाळी निघून जाते. हक्क असता तर तो काढून घ्यायला कुणाला तरी न्यायालयात उभं राहावं लागलं असतं.

विमानातलीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण संस्कृतीच्या नावावर किती काय खपवलं जातं ते तीत दिसतं. सीटबेल्ट पुरत नसेल तर त्याला जोडायला हातभर लांबीचा जादा पट्टा मिळतो, एक्स्टेंडर म्हणतात त्याला. स्वतःचा आणून चालत नाही, केबिन क्रूकडे मागावा लागतो. मी दारातून आत शिरतानाच हळू आवाजात सांगते. एकदा एका मुलीने तो घडी केलेल्या ब्लँकेटमध्ये ठेवून आणला, मागच्या प्रवाशाशी सामानाविषयी बोलणं न थांबवता माझ्या हातात दिला आणि पुढे गेली. परतीच्या विमानात दुसरीने तोच पट्टा हातात उंच धरून, मधल्या वाटेतून येत, कुणी मागितला होता असं तीन रांगांना ऐकू जाईल असं विचारलं. दोघी एकाच कंपनीच्या, एकाच देशाच्या होत्या, एकाच वयाच्या असाव्यात. एकीला कुणीतरी शिकवलं होतं. मधल्या वाटेकडचा सीटचा हात खालच्या बाजूची छोटी कळ दाबली की वर उचलता येतो, हेही मला त्या पहिल्या मुलीनेच दाखवलं. बिजागरीजवळ बोटाने चाचपडावं लागतं, वरून दिसत नाही. इतकी वर्षं ती कळ तिथे होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, वजनच कमी करा, मग फिरा. प्रकृतीच्या काळजीपोटी बोलणाऱ्या माणसांविषयी मला आकस नाही. लठ्ठपणाचे आजारांशी संबंध आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण माणसाला लाज वाटेल असं वागवलं तर तो बारीक होतो, या समजुतीला आधार नाही. अमेरिकेत हजारो प्रौढांचा काही वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या माणसांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागल्याचं वाटत होतं, ती पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की वजन ही निव्वळ इच्छाशक्तीची बाब आहे ही धारणा विज्ञानाला धरून नाही आणि या कलंकाने माणसांचं नुकसान होतं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी साधी गोष्ट उरते: वजन उतरायला वर्षं लागतात, कित्येकांचं उतरतच नाही, आणि विमान उद्या सुटणार आहे. आईच्या अंत्यविधीला निघालेल्या माणसाला आधी बारीक होऊन ये, असं कुणी म्हणणार आहे का?

कायदे झाले आहेत, पण ते बेटांसारखे विखुरलेले आहेत. मिशिगन राज्याने १९७६ सालीच वजनावरून भेदभाव करायला बंदी घातली. आइसलंडची राजधानी रेक्याविकने २०१६ मध्ये आपल्या मानवी हक्क धोरणात शरीरयष्टीचा समावेश केला. न्यूयॉर्क शहराचा कायदा नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे आणि तो नोकरी, घर यांच्याबरोबर सार्वजनिक जागांनाही लागू होतो. म्हणजे तिथल्या हॉटेलात किंवा नाट्यगृहात गेलेल्या परक्या देशाच्या पाहुण्यालाही त्याचं संरक्षण आहे. त्या शहराची हद्द ओलांडली की नाही. प्रवासी माणूस नेमका या बेटांमधल्या पाण्यात असतो. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामान हरवलं, उशीर झाला, इजा झाली तर भरपाई कुणी किती द्यायची हे १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरवलं आहे. तुम्हाला बसता येईल अशी जागा मिळण्याविषयी त्यात काही नाही.

माझी मागणी मोठी नाही आणि तिच्यासाठी कुठल्याही देशाला आपली रीत सोडावी लागत नाही. मापं छापा. सीटच्या दोन हातांमधलं अंतर, बेल्टची लांबी, साहसी खेळातल्या पट्ट्याला पेलणारं वजन, बुरुजाच्या चक्री जिन्याची रुंदी, उपाहारगृहात बिनहातांच्या खुर्च्या किती. अमेरिकेतल्या काही मोठ्या करमणूक उद्यानांत पाळण्याच्या रांगेबाहेरच एक नमुन्याची सीट ठेवलेली असते. रांगेत तासभर उभं राहण्याआधी बसून पाहायचं, पट्टा लागतो का बघायचं, नाही लागला तर गर्दीच्या नजरा न झेलता निघून जायचं. त्यासाठी उद्यानाला पाळणा बदलावा लागला नाही. लहानशा अतिथिगृहापासून मोठ्या संग्रहालयापर्यंत सगळ्यांना हे उद्या सुरू करता येईल.

विमानाच्या बाबतीत मात्र छापून भागणार नाही, किमान माप ठरावं लागेल आणि ते सगळ्या देशांनी मिळून ठरवावं लागेल, नाहीतर एका देशाने रुंद केलेली सीट दुसऱ्या देशाची कंपनी अरुंद करून स्वस्तात विकेल. असं काम करायला जागा आहे. संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना माँट्रियललाच आहे, ज्या देशाने एका माणसाला एकच भाडं हे तत्त्व आपल्या हद्दीत लागू करून दाखवलं त्याच देशात. ते तत्त्व सीमेपार नेण्याची चर्चा तिथे सुरू व्हायला हवी. आणि ती होईपर्यंत निदान एवढं: तिकीट काढताना कंपन्या केबिन बॅगेची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये ठळक छापतात आणि बॅग दोन बोटं जास्त भरली तर काउंटरवर पैसे मागतात. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्या विमानातल्या सीटची रुंदी छापली जावी.